आयडी संस्थेचा, राग साहेबांचा

मिरा-भाईंदरमध्ये विद्यापीठ नाही. पण सकाळच्या चर्चगेट गाडीत मुंबई विद्यापीठाच्या जिवावर जगणारी आणि विद्यापीठाला जगवणारी माणसे पुष्कळ भेटतात: प्राध्यापक, ग्रंथपाल, परीक्षा विभागातले लिपिक, तासिका तत्त्वावर दोन-दोन महाविद्यालयांत धावणारे शिक्षक. यांतलेच कुणी संध्याकाळी घरी परतले की सोसायटीचे सेक्रेटरी होतात आणि टँकर कधी येणार, लिफ्ट कधी सुरू होणार याचे मेल सोसायटीच्या आयडीवरून पाठवत बसतात. त्यामुळे अंबिकेश महापात्र यांची हकिकत कोलकात्याची असली तरी इथल्या वाचकाला परकी वाटणार नाही.

महापात्र तेव्हा जादवपूर विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि न्यू गरियातल्या आपल्या गृहनिर्माण सोसायटीचे पदाधिकारी. मार्च २०१२ मध्ये रेल्वेमंत्री दिनेश त्रिवेदी यांनी अर्थसंकल्पात भाडेवाढ सुचवली, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या प्रमुख ममता बॅनर्जी यांनी त्यांना घरी बसवून मुकुल रॉय यांना मंत्री केले. या नाट्यावर सत्यजित राय यांच्या ‘सोनार केल्ला’ चित्रपटाचा आधार घेऊन कुणीतरी एक व्यंगचित्र केले. ते फिरत फिरत महापात्र यांच्याकडे आले आणि त्यांनी ते सोसायटीच्या मेलवरून सभासदांना पुढे पाठवले. एप्रिलमधल्या एका रात्री सत्ताधारी पक्षाच्या कार्यकर्त्यांनी त्यांना गाठून मारहाण केली आणि पोलिसांनी अटक केली ती मार खाणाऱ्यालाच. सोसायटीचे सचिव सुब्रत सेनगुप्ता या वयोवृद्ध निवृत्त अभियंत्यालाही कोठडीत जावे लागले.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ लागले. शिवाय बदनामीचे आणि स्त्रीच्या विनयभंगाचेही! राज्य मानवी हक्क आयोगाने त्याच वर्षी दोघांना प्रत्येकी ५० हजार रुपये भरपाई देण्याची शिफारस केली, तरी खटला चालूच राहिला. अलीपूरच्या न्यायालयाने महापात्र यांना आरोपमुक्त केले ते जानेवारी २०२३ मध्ये. एका फॉरवर्डपायी जवळजवळ ११ वर्षे गेली. सेनगुप्ता तोवर हयातही नव्हते.

या ११ वर्षांत एक प्रश्न कुणी सरळ विचारला नाही: तक्रार नेमकी कशाची होती? सोसायटीचा मेल चुकीच्या कामाला वापरला, एवढीच तक्रार असती तर ती वार्षिक सर्वसाधारण सभेत मांडता आली असती. चार सभासदांनी आवाज चढवला असता, चहा-बिस्किटे झाली असती आणि विषय संपला असता. आयडीचे कुणाला काही पडले नव्हते. झोंबले होते ते चित्र.

पालघर तर आपल्या चर्चगेटच्याच रेल्वेमार्गावर. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्यावर एका तरुणीने फेसबुकवर लिहिले आणि दुसरीने ते लाइक केले. दोघींना अटक झाली. ती करणारे ठाणे ग्रामीण पोलीस तेव्हा मिरा-भाईंदरचाही कारभार पाहत होते. प्रकरण चिघळले तसे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक निलंबित झाले, श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६ अ रद्द झाले.

कलम गेले, सवय मात्र गेली नाही. आता फौजदारी कलमाऐवजी ‘संस्थेच्या साधनांचा गैरवापर’ किंवा ‘संस्थेच्या प्रतिमेला बाधा’ असे शब्द येतात आणि पोलिसांऐवजी कुलसचिवांची कारणे दाखवा नोटीस येते. जुलै २०२५ मध्ये राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने सरकारी-निमसरकारी कर्मचाऱ्यांच्या समाजमाध्यम वापरावर निर्बंध घातले. त्यांत वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवा ही सूचना रास्तच आहे. पण सरकारी धोरणावर टीका नको, हेही त्यातच आहे. खाते वेगळे करूनही तोंड बंदच ठेवायचे असेल तर खाते वेगळे करायचे कशाला?

हा रोग एका पक्षाचा नाही. जानेवारी २०२० मध्ये महाविकास आघाडीचे सरकार असताना मुंबई विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे संचालक योगेश सोमण यांना सक्तीच्या रजेवर पाठवले गेले. अध्यापनाबाबत विद्यार्थ्यांच्या तक्रारी होत्या, त्यांची चौकशी व्हायलाच हवी होती. पण गाजला तो राहुल गांधींवर टीका करणारा त्यांचा व्हिडिओ. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयातले काश्मिरी प्राध्यापक जावेद अहमद हजाम यांच्यावर कलम ३७० रद्द करण्याला विरोध करणाऱ्या व्हॉट्सअॅप स्टेटसबद्दल गुन्हा नोंदला गेला. उच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. ७ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांनी तो रद्द केला आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय हे पोलिसांना शिकवण्याची वेळ आली आहे, असेही सुनावले.

नोटिशीशिवाय आणखी एक हत्यार आहे: आपल्याकडे माहिती अधिकार कायद्याच्या ‘माहिती’च्या व्याख्येत ई-मेलही येतो. हे हत्यार उलटे कसे फिरते, ते अमेरिकेत दिसले. विस्कॉन्सिन विद्यापीठातले इतिहासकार विल्यम क्रोनन यांनी मार्च २०११ मध्ये गव्हर्नर स्कॉट वॉकर यांच्या कामगार संघटनाविरोधी विधेयकामागे कोण आहे, याविषयी लिहिले. दोनच दिवसांत रिपब्लिकन पक्षाने तिथल्या अशाच कायद्याखाली अर्ज टाकला: क्रोनन यांच्या विद्यापीठीय मेलमध्ये ‘युनियन’, ‘रिपब्लिकन’, ‘वॉकर’ असे शब्द जिथे आले असतील ते सगळे मेल द्या. विद्यापीठाने विद्यार्थ्यांशी झालेला आणि खासगी पत्रव्यवहार बाजूला ठेवून बाकीचे दिले आणि क्रोनन यांनी खात्याचा अनुचित राजकीय वापर केलेला नाही, हे जाहीरपणे सांगितले. विद्यापीठाचा कणा म्हणतात तो हाच.

विद्यापीठाच्या मेलवरून परीक्षेचे पेपर फोडणारा, सहकारी महिलेला छळणारा किंवा उमेदवारासाठी मते मागणारा कर्मचारी या लेखाच्या आसऱ्याला येऊ शकत नाही. त्याच्यावर कारवाई व्हावी आणि ती त्या कृत्याच्या नावाने व्हावी. मात्र मुलाच्या शाळेला मेल केला, मोर्चाचे निमंत्रण पुढे पाठवले, कुलगुरूंवरचा विनोद पाठवला, यासाठी कुणाची भाकरी जाऊ नये. कायम प्राध्यापक निदान विभागीय चौकशी लढवतो, न्यायाधिकरणात जातो. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला तर नोटीसही मिळत नाही. पुढच्या सत्रात बोलावणे येत नाही, एवढेच.

युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०१७ मध्ये एका रोमानियन कर्मचाऱ्याच्या खटल्यात मालकाने देखरेखीची स्पष्ट पूर्वकल्पना दिली होती का, हे तपासणे आवश्यक ठरवले. मुंबई विद्यापीठाला आणि त्याच्या संलग्न महाविद्यालयांना तेवढे तरी करता येईल. मेल कोण, कधी, कुणाच्या लेखी परवानगीने उघडणार हे नेमणूकपत्रातच लिहावे, आणि गैरवापराच्या प्रत्येक नोटिशीत प्रत्यक्ष नुकसान काय झाले ते नमूद करावे. ज्या नोटिशीत तो रकाना कोरा असेल ती व्यवस्थापन परिषदेने परत पाठवावी.