कानात दडे बसले तर

तुमसर तालुक्यातील चिखला येथे मँगनीजची भूमिगत खाण आहे. ड्रिलच्या, सुरुंगाच्या आवाजात पाळी करून आलेला माणूस घरी म्हणतो, "कानात दडे बसले." मग कोणी कोमट तेल घालते, कोणी काडी फिरवते. काडीने मळ निघत नाही, उलट आत ढकलला जातो. पडदा फाटण्याचीही भीती असते.

मळ पाण्याने फुगून कान बंद झाला असेल, तर डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांनी तो मऊ होतो व मग काढता येतो. सर्दीत नाकाला कानाशी जोडणारी नळी सुजते. सर्दी ओसरली की ती मोकळी होते. तोवर नाक जोराने शिंकरू नये.

पण आवाजानंतर दडे बसले, कानात शीळ वाजू लागली, तर तेथे मळाचा संबंध नाही. कानाच्या आतील नाजूक पेशी थकतात. रोज ८५ डेसिबलच्या वर आवाज सोसला तर त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. तेल कितीही घाला! बंधूंनो, इअरप्लग खिशात ठेवण्यासाठी नसतात. आणि एका कानाने एकाएकी ऐकू येईनासे झाले, तर पगाराच्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांना दाखवा. उशीर झाला तर औषधाचा उपयोग कमी होत जातो.