उत्तर मागणारा वेताळ

‘भूत’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘जे होऊन गेले ते’ एवढाच आहे. होऊन गेलेले पुन्हा समोर उभे राहिले की माणूस घाबरतो, आणि ते उभे राहते ते बहुधा काहीतरी मागण्यासाठीच. साहित्यातील गूढ आकृत्यांकडे या दृष्टीने पाहिले, तर प्रत्येकीची मागणी निराळी दिसते. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये मृत राजाचे भूत मुलाकडे सूड मागते. गास्ताँ लेरू या फ्रेंच लेखकाच्या १९१० सालच्या कादंबरीत पॅरिसच्या ऑपेरागृहात वावरणारी मुखवट्याआडची आकृती व्यवस्थापकांकडे दरमहा २०,००० फ्रँक मागते आणि एका गायिकेकडे प्रेम. आपल्या कथापरंपरेतील वेताळाला मात्र ना सूड हवा असतो, ना धन. त्याला हवे असते उत्तर.

वेताळकथांचे सर्वांत प्रसिद्ध जुने रूप सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त आढळते. अकराव्या शतकात काश्मीरची राणी सूर्यवती हिच्या मनोरंजनासाठी सोमदेवाने हा ग्रंथ रचला. महाराष्ट्राच्या वाचकाला सुखावणारी गोष्ट अशी की, या कथेचा राजा काश्मीरचा नाही. तो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठान नगरीचा, म्हणजे आपल्या पैठणचा आहे. त्याचे नाव त्रिविक्रमसेन. पुढे लोकांनी त्यालाच विक्रमराजा म्हटले.

क्षांतिशील नावाचा एक भिक्षू रोज दरबारात येऊन राजाला एक फळ देत असे. राजा ते कोषाध्यक्षाकडे सोपवी आणि कोषाध्यक्ष ते खिडकीतून कोषागारात टाकून देई. हा क्रम दहा वर्षे चालला. एके दिवशी ते फळ एका पाळीव माकडाच्या हाती लागले. त्याने ते फोडताच आतून अमूल्य रत्न बाहेर पडले. कोषागार उघडून पाहिले, तर कुजलेल्या फळांमध्ये रत्नांचा ढीग साचलेला! दहा वर्षे संपत्ती जमा होत होती आणि ती उघडून पाहावी असे कोणालाच वाटले नव्हते. देणाऱ्याचा हेतू काय, हेही तोवर कोणी विचारले नव्हते.

भिक्षूला एका साधनेसाठी वीरपुरुषाचे साहाय्य हवे होते. राजाने वचन दिले. कृष्ण चतुर्दशीच्या रात्री तो स्मशानात गेला आणि भिक्षूच्या सांगण्यावरून शिंशपा वृक्षाला लटकणारे प्रेत खांद्यावर घेऊन निघाला. त्या प्रेतात वेताळाचा वास होता. वाट सोपी व्हावी म्हणून वेताळ कथा सांगू लागला. प्रत्येक कथेच्या शेवटी एक प्रश्न येई आणि त्याला एक अट जोडलेली असे: उत्तर ठाऊक असूनही राजा बोलला नाही, तर त्याच्या मस्तकाची शकले होतील. आणि राजा बोलला की वेताळ प्रेतासह पुन्हा झाडावर जाई.

या अटीकडे बारकाईने पाहावे. राजाला कोंडीत पकडणारी ही योजना मोठी मार्मिक आहे. बोलावे, तर घेतलेले सारे श्रम वाया जातात. न बोलावे, तर प्राण जातात. मात्र शिक्षा अज्ञानाला नाही. ती जाणून धरलेल्या मौनाला आहे.

प्रश्नही साधे नाहीत. मंदारवती नावाची कन्या विवाहापूर्वीच ज्वराने निवर्तते. तिला वरू इच्छिणारे तीन तरुण असतात. एक तिच्या रक्षेवर शय्या करून स्मशानातच राहतो. दुसरा तिच्या अस्थी घेऊन गंगेवर जातो. तिसरा देशोदेशी भटकताना मृताला उठवणारा मंत्र मिळवतो. अस्थी आणि रक्षा एकत्र येतात, मंत्र म्हटला जातो आणि ती पुन्हा जिवंत होते. मग ती कोणाची? राजा म्हणतो, ज्याने जीवन दिले त्याने पित्याचे कार्य केले. ज्याने अस्थी गंगेत नेल्या त्याने पुत्राचे. जो तिच्या रक्षेजवळ राहिला, तोच पती. सर्वांत मोठा चमत्कार करणाऱ्याला राजा कौल देत नाही. सोबत न सोडणाऱ्याला देतो.

दुसऱ्या एका कथेत दोन पुरुषांची मस्तके परस्परांच्या धडांवर बसतात आणि पत्नीपुढे प्रश्न उभा राहतो की, यांतला पती कोणता. जर्मन लेखक टॉमस मान यांनी १९४० साली या कथेवर लघुकादंबरी लिहिली आणि तिच्या आधारे गिरीश कार्नाड यांनी ‘हयवदन’ हे नाटक रचले. जुन्या प्रश्नांची धार किती टिकाऊ असते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

चोवीसावी कथा मात्र निराळी आहे. एक राजा आणि त्याचा पुत्र वनात दोन स्त्रियांची पावले पाहतात आणि ठरवतात की, मोठ्या पावलांची स्त्री पित्याने वरावी, लहान पावलांची पुत्राने. भेट झाल्यावर कळते की मोठी पावले कन्येची आहेत आणि लहान तिच्या आईची. दिलेला शब्द पाळला जातो. आता या दोन जोडप्यांच्या मुलांचे आपसांत नाते काय? त्रिविक्रमसेन विचार करतो, त्याला उत्तर सापडत नाही, आणि तो निमूटपणे चालत राहतो. मस्तक फुटत नाही. हे मौन प्रामाणिक आहे, म्हणून वेताळ प्रसन्न होतो.

तेव्हाच वेताळ खरे रहस्य उघड करतो. भिक्षूला राजाचाच बळी द्यायचा आहे. तो साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा ‘मला ठाऊक नाही, आधी तुम्ही करून दाखवा’ असे म्हणावे, हेही वेताळच सुचवतो. राजा तसे करतो आणि वाचतो. ‘क्षांतिशील’ या नावाचा अर्थ क्षमाशील स्वभावाचा. ज्याचे नाव आणि वेष सौम्य तो घातकी निघाला, आणि ज्याचे रूप भयंकर तो हितकर्ता ठरला. वर मागताना राजाने राज्यविस्तार मागितला नाही. या कथा जगात प्रसिद्ध व्हाव्यात, एवढेच मागितले.

तो वर चांगलाच फळला. १८०५ साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातून ‘बैताल पचीसी’ निघाली. मराठीत सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८३० च्या सुमारास ‘वेताळपंचविशी’ आणली. खांद्यावर प्रेत आणि हाती तलवार घेतलेला राजा ‘चांदोबा’च्या पानांवरून घराघरांत पोहोचला, चित्रकार शंकर यांचे ते चित्र कित्येकांच्या मनात आजही आहे. १९८५ मध्ये दूरदर्शनवर अरुण गोविल विक्रम झाले आणि सज्जन वेताळ. अमेरिकी चित्रकथांतील मुखवटाधारी फँटम भारतात आला, तेव्हा हिंदी वाचकांसाठी त्याचे नाव ‘वेताल’च ठेवण्यात आले.

कोकणात तर वेताळ कथेबाहेर येऊन ग्रामरक्षक झाला. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भाविक केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चपला अर्पण करतात. रात्री गावाची राखण करीत फिरताना त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. जो भीती घालतो तोच जागा राहून राखण करतो, ही कल्पना ग्रंथातील वेताळाशी चांगलीच जुळते.

आज अमावास्येच्या रात्री स्मशानात जाण्याची वेळ सहसा कोणावर येत नाही. पण वेताळाचा प्रश्न वाटेत कुठेही भेटतो. संस्थेच्या वार्षिक सभेत ताळेबंद मंजुरीला येतो. एका रकमेचा मेळ लागत नाही, हे तिघाचौघांना दिसत असते आणि ठराव एकमताने संमत होतो. घरात वाटणीची बोलणी चालतात. विधवा वहिनीच्या वाट्याला कमी येते आहे, हे सर्वांना कळत असते आणि सर्वांच्या नजरा जमिनीकडे वळतात. बोलावे तर संबंध बिघडतात, जुळत आलेले काम पुन्हा झाडावर जाऊन लटकते. गप्प बसावे तर मस्तक फुटत नाही, हे खरे. पण आत काहीतरी तडकते आणि त्याचा आवाज फक्त स्वतःलाच ऐकू येतो.

त्रिविक्रमसेनाचा पराक्रम तलवारीत शोधू नये. खरे बोलल्यामुळे हातची गोष्ट निसटली, तरी तो त्रागा न करता तेवीस वेळा त्याच झाडाकडे परत वळला. आणि ठाऊक नव्हते, तेव्हा ठाऊक असल्याचा आव त्याने आणला नाही. एवढे ज्याला साधले, त्याने वेताळाला भ्यायचे कारण नाही.