उचल हवी, वाटाही हवा

ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत दाम द्यावा, विलंबास १५ टक्के व्याज द्यावे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. कराडचा शेतकरी पहिली उचल घेऊनही अंतिम दरासाठी भांडतो, ते योग्यच आहे. इंटरनेटवर मजकूर लिहून पोट भरणाऱ्या तरुणापुढे मात्र पर्याय ठेवला जातो: रोख घेऊन हक्क सोडा, अथवा वाचकसंख्येवर अवलंबून वाट पाहा. ज्याची चूल आजच पेटायची आहे, त्याला ही निवड नव्हे, सक्तीच होय. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीतकाराचा स्वामित्वधनाचा वाटा मालकाला लिहून घेता येत नाही. हेच संरक्षण प्रत्येक लेखणीस मिळाले पाहिजे. श्रमाचा दाम आधी, नफ्यातील वाटा नंतर. एकासाठी दुसरा सोडण्याचे कारण नाही.