फौजी फिटरची आठवण

पूर्वी अनेक लोको शेडमध्ये एखादा तरी फौजी फिटर असे. १९६५ चे युद्ध पाहून रेल्वेत आलेला, ८ ते २७ मे १९७४ च्या संपात ठाम राहिलेला, रात्रपाळ्या करून मुलांना शिकवणारा. असे साथी आता एकेक करून जात आहेत. शोकसभेत दोन मिनिटे उभे राहून आपण मोकळे होतो. पण त्यांच्या म्हातारपणी आणि माघारी घर सावरले ते पेन्शनने. ते दान नव्हते, घामाची मिळकत होती. १ जानेवारी २००४ पासून रेल्वे-टपालात लागलेल्यांना ती जुनी पेन्शन नाही. १ एप्रिल २०२५ च्या एकीकृत योजनेत २५ वर्षांच्या नोकरीनंतर निम्म्या मूळ पगाराची हमी आहे, पण पगारातून कपात चालूच आहे. विनाकपात जुनी पेन्शन परत मिळवणे, हीच त्या फिटरला खरी श्रद्धांजली!