सूट कोणाला आणि दया कोणाला?

शहराचा नकाशा कायद्याने काढलेला असतो आणि कायदा सर्वांस सारखा असतो, असे आपणांस शाळेपासून ऐकविण्यात येते. अमुक जागा निवासाची, अमुक उद्योगाची, अमुक बागेसाठी राखीव, अमुक हरित पट्ट्यातील. तेथे त्याविरुद्ध वीटही रचावयाची नाही. नियम चांगलाच आहे. कारखान्याच्या धुराड्याखाली शाळा असू नये व नाल्याच्या पात्रात कोणी घर बांधू नये, हे कोण नाकारील? परंतु ज्या कायद्याने हा नियम घालून दिला त्याच कायद्याने नियमातून बाहेर पडण्याची वाटही ठेविली आहे, ही गोष्ट आपल्या वस्त्यांत फार थोड्यांस ठाऊक आहे. ज्यांस ती ठाऊक आहे, त्यांनी तिचा उपयोग कसा केला ते पाहण्यासारखे आहे.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 अन्वये मंजूर विकास आराखड्यात, त्याचे मूळ स्वरूप पालटणार नाही असा, फेरबदल करता येतो. नियोजन प्राधिकरणाने प्रस्ताव करावा, राजपत्रात सूचना प्रसिद्ध करावी, एक महिन्याच्या आत आलेल्या हरकती ऐकाव्यात आणि सरकारने मंजुरी द्यावी. म्हणजे जागेचा उपयोग नकाशाविरुद्ध करावयाचा असेल तर प्रथम नकाशाच बदलून घ्यावयाचा! मुंबईत कुलाब्याच्या ‘आदर्श’ इमारतीपाशी नियोजित रस्त्याची रुंदी 60.97 मीटर होती. 2002 साली ती 18.40 मीटर करण्यात आली आणि रस्त्यातून सुटलेली जमीन निवासी विभागात गेली. त्या जमिनीवर 31 मजले उभे राहिले. 2010 साली प्रकरणाचा बोभाटा होऊन मुख्यमंत्र्यांस पायउतार व्हावे लागले. 29 एप्रिल 2016 रोजी उच्च न्यायालयाने इमारत पाडण्याचा हुकूम दिला आणि त्याच वर्षी जुलैत सर्वोच्च न्यायालयाने पाडकामास स्थगिती दिली. या सर्व काळात तेथील सभासदांस कोणी ‘अतिक्रमक’ म्हटले काय? नकाशात जशा जागा राखीव असतात तसा तो शब्द आमच्यासाठी राखीव आहे.

आणि आमच्या वाट्यास काय येते? तारीख. झोपडीस संरक्षण हवे असेल तर 1 जानेवारी 1995 पूर्वीचा पुरावा आणा. पुढे 1 जानेवारी 2000 पूर्वीचा आणा. गुंठेवारीतील घरास 2001 च्या अधिनियमाने 1 जानेवारी 2001 ही मर्यादा घातली, ती 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 वर नेली. नगररचना अधिनियमात 2017 साली कलम 52-क घातले, तेथे 31 डिसेंबर 2015. मोलमजुरीस गेलेल्या बाईची शिधापत्रिका एक वर्ष उशिरा झाली तर ती बेकायदेशीर, आणि शेजारीण कायदेशीर! दोघींच्या भिंती एकाच मापाच्या, एकाच मातीच्या. धनिकास कलम मिळते आणि श्रमिकास तारीख मिळते. कलमाखाली कारणे मांडावी लागतात, युक्तिवाद करता येतो, अपील करता येते. तारखेपुढे फक्त हात जोडून उभे राहावे लागते. धम्माची दीक्षा घेऊन ज्यांनी देवापुढे हात जोडणे सोडले, त्यांनी ते आता नगरसेवकापुढे जोडावयाचे काय?

खेड्यांत तर हा प्रश्न नगररचनेच्या कायद्याहून फार जुना आहे. गावाचा नकाशा जातीने काढला, आमचे घर गावकुसाबाहेर टाकले, आणि गावठाणाची सीमा आखताना त्याच वहिवाटीवर सरकारी शिक्का बसला. गावठाणातील माणूस माडी चढवीत राहिला. सीमेबाहेरच्या शेतजमिनीवर किंवा गायरानावर राहणाऱ्यास चार खांब रोवण्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. ज्यांनी आम्हांस वेशीबाहेर बसविले त्यांचेच वारस आज विचारतात की, तुम्ही वेशीबाहेर का बसलात! गायरानाविषयी सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग खटल्यात अतिक्रमणे काढण्याचा आदेश दिला. तोच निकाल सांगतो की, भूमिहीन मजुरांस अथवा अनुसूचित जातीजमातींच्या लोकांस सरकारी अधिसूचनेखाली पट्टा दिलेला असेल, किंवा तेथे शाळा, दवाखाना उभा असेल, तर अपवाद करता येईल. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झाला आहे. निकालाचा पहिला भाग वाचून दाखविण्यास तलाठ्यापासून सरपंचापर्यंत सर्व तत्पर असतात. दुसरा भाग तुम्हांस कोणी वाचून दाखविला काय?

आता आपल्याच घरातील गोष्ट. “आधी बांधा, मग मी नियमित करून देतो,” असे सांगणारा पुढारी प्रत्येक वस्तीत आहे आणि तो बहुधा आपल्यापैकीच असतो. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत तळमजला व पाच मजल्यांची परवानगी असताना 20 मजल्यांपर्यंत बांधकाम चढविले गेले. शिकलेल्या, पैसेवाल्या कुटुंबांनी घरे घेतली आणि 27 फेब्रुवारी 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जादा मजले बेकायदेशीर ठरविले. त्यांची ही गत, तर तुमच्या पत्र्याच्या खोलीची काय? 17 डिसेंबर 2024 च्या निकालात तर न्यायालयाने स्पष्टच बजावले आहे की, बांधकाम नियमित करणे हा केवळ अपवाद होय.

विहाराच्या बाबतीतही हेच बोलले पाहिजे, मग कोणास राग आला तरी चालेल. खेळाच्या मैदानासाठी राखलेल्या जागेवर इतरांनी देऊळ बांधले म्हणून आपण तेथे विहार बांधावा, हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. ते मैदान आपल्याच चाळीतील मुलांचे आहे. शिवाय सार्वजनिक जागेवर नवे अनधिकृत प्रार्थनास्थळ होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा 29 सप्टेंबर 2009 चा आदेश आहे. हातोडा पडेल तेव्हा प्रथम कोणावर पडेल, हे का सांगावयास हवे?

विहारासाठी वा घरासाठी कलम 44 खाली लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. 60 दिवसांत निर्णय कळविला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. मात्र हे आराखड्याशी जुळणाऱ्या बांधकामापुरतेच. जेथे जुळत नाही तेथे संस्थेमार्फत कलम 37 खाली फेरबदलाची मागणी रीतसर नोंदवा. वस्तीजवळच्या शाळेचे वा बागेचे आरक्षण उठविण्याची सूचना निघाली तर महिन्याच्या आत शेकडो सह्यांची हरकत गेली पाहिजे. त्यासाठी दर पंधरवड्यास विहारात वंदनेनंतर एका शिकलेल्या तरुणाने राजपत्रातील सूचना वाचून दाखवाव्यात. पाडण्याची नोटीस आली तर तिच्या मुदतीतच कलम 53 च्या तिसऱ्या पोटकलमाखाली बांधकाम राखण्यासाठी अर्ज करता येतो. 13 नोव्हेंबर 2024 च्या निकालाप्रमाणे, रस्ता, पदपथ, नदी यांसारख्या सार्वजनिक जागा सोडून, नोटिशीवाचून व 15 दिवसांच्या अवधीवाचून पाडकाम करता येत नाही. परवानगी नाकारली गेली तर कलम 47 अन्वये सरकारकडे अपील करण्याची मुदत 40 दिवसांची आहे, आणि ते दिवस निर्णय कळविल्याच्या तारखेपासून मोजले जातात.