पायांचे फोटो पुरे, वहीचा काढा!

मार्च 2018 मध्ये वनजमिनीचे गाऱ्हाणे घेऊन नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च ठाण्यावरून मुंबईत शिरला, तेव्हा सोललेल्या तळपायांचे फोटो घरोघरच्या मोबाइलवर फिरले. ठाणे-डोंबिवलीचा मध्यमवर्ग हळहळला. कुणी पाणी दिले, कुणी चपला दिल्या, चांगलेच केले. पुढे काय? मार्च 2023 मध्ये वनजमिनीचे तेच गाऱ्हाणे घेऊन कष्टकरी पुन्हा चालत आले आणि शहापूर तालुक्यात वाशिंदला तळ देऊन बसले. पाच वर्षे आमची हळहळ काय करीत होती?

अमेरिकेतल्या महामंदीच्या काळात, 1936 साली, छायाचित्रकार डोरोथिया लँगने कॅलिफोर्नियात वाटाणे तोडणाऱ्या एका मजूर आईचा फोटो काढला. पीक गारठून गेले होते, हाताला काम नव्हते. फोटो छापून येताच सरकारने छावणीवर अन्न धाडले; तोवर ती बाई पोरांना घेऊन पुढे गेली होती. मजुरांची मजुरी, गाव, हकीकत टिपून घेणाऱ्या लँगने त्या दिवशी तिचे नावसुद्धा विचारले नव्हते. ते जगाला कळले 1978 साली!

आणि आम्ही? जानेवारी 1945 मध्ये किसान सभेची परिषद भरली ती टिटवाळ्याला, आजच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत. त्याच वर्षी सभेचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने वारली आदिवासींनी वेठबिगारी झुगारली. पण वेठ गेली आणि उचल आली. भाताचे काम संपते, घरात दाणा नसतो, तेव्हा वीटभट्टीचा मालक कातकरी मजुराच्या हातावर ही उचल, म्हणजे बयाणा, ठेवतो. दिवाळीनंतर नवरा, बायको, पोरे भट्टीवर. हजार विटांमागे मजुरी, आठवड्याला खर्ची, आणि हिशेब मालकाच्या वहीत. पावसाच्या तोंडावर वही उघडते आणि मजुराकडेच बाकी निघते! ती फेडायला पुढच्या हंगामात पुन्हा तीच भट्टी. पोरांची शाळा गेली चुलीत.

अशा भट्टीवर हौशी छायाचित्रकार जातो, त्याला दिसतो धूर, मावळतीचे ऊन आणि डोक्यावर विटा घेतलेली बाई. चौकटीला शंभर वाहवा मिळतात. तिला हजारामागे किती मिळतात, हे विचारायला याची जीभ रेटत नाही. दारिद्र्य पाहून डोळे निववणाऱ्या या रसिकतेला आम्ही निर्लज्जपणा म्हणतो.

वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा 1976 चा आहे. त्याने असे कर्ज रद्द ठरवले, जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समित्या नेमायला सांगितले. किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणे ही सक्तीची मजुरीच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये बजावले. समित्या बसतात कधी, भट्टीवर जातात कधी, हे जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर सांगावे. आणि कॅमेरेवाल्यांनो, मजुराला विचारून, त्याला सोबत घेऊन त्या वहीच्या पानाचा फोटो काढा आणि तहसीलदाराच्या टेबलावर नेऊन ठेवा. पोच घेतल्याशिवाय उठू नका.