श्रावणबाळाची गैरहजेरी

निकालाच्या दिवशी लातूर पॅटर्नच्या गुणवंतांचे फोटो सगळेच छापतात, आम्हीही छापतो. त्याच जिल्ह्यात, शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्यात, काही मुले दिवाळीनंतर वर्गात दिसेनाशी होतात. आईवडील ऊसतोडीला, नाहीतर पुण्या-हैदराबादकडे कामाला गेलेले. घरी लकवा मारलेली आजी आणि नववीतली नात. सकाळी आजीचे अंग पुसायचे, पाठीला जखम होऊ नये म्हणून कूस बदलायची, भाकरी दुधात कुस्करून भरवायची, बीपीची गोळी द्यायची. शाळेची घंटा त्यानंतर. मोठी तपासणी निघाली की केसपेपरची पिशवी घेऊन एसटीने लातूर. हजेरीपटावर या सगळ्याची नोंद एकच: गैरहजर.

‘पोरगी गुणाची आहे’, असे गाव म्हणते. हे कौतुक गावाला फार स्वस्त पडते. मुलगा करत असेल तर शेजारीण निदान डबा आणून देते. मुलीने केले तर ते काम आहे हेच कुणाच्या ध्यानात येत नाही.

योजना आहेत. श्रावणबाळ योजनेतून 65 वर्षांवरील निराधार वृद्धांना महिना दीड हजार रुपये मिळतात आणि ते मिळायलाच हवेत. पण जिच्यावर नाव श्रावणाचे, त्या योजनेच्या कागदात कावड वाहणारे पोर कुठेच नाही. बालसंगोपन योजनेत 2023 पासून महिना 2,250 रुपये मिळतात. त्यात आईवडिलांच्या कॅन्सर, एचआयव्हीसारख्या दुर्धर आजाराचा विचार आहे; आजीच्या लकव्याचा नाही. अठरा पूर्ण झाली की तेही थांबते, जणू वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी रुग्ण उठून चालू लागतो. हंगामी वसतिगृहाची कल्पना तर मुलाला कुणीतरी सांभाळावे एवढ्यावरच उभी आहे. इथे सांभाळणारी व्यक्तीच नववीत आहे.

इंग्लंडने 2014 च्या कायद्याने अशा मुलांच्या गरजा तपासण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली आणि 2023 मध्ये शालेय गणनेत त्यांची नोंद सुरू केली. श्रीमंत देशाचे सगळेच आपल्याला झेपणार नाही, हे मान्य. पण रकाना आखायला पैसा लागत नाही. केंद्राचे वेळवापर सर्वेक्षण सहा वर्षांवरील सर्वांचा घरच्यांच्या देखभालीत जाणारा वेळ मोजतेच. तो आकडा शाळेपर्यंत मात्र पोहोचत नाही.

नोंद झाली की चौकशी येईल, पालकांवर ठपका येईल, ही भीती खरी आहे. म्हणून हे काम नोटिसा काढणाऱ्यांकडे नको. कोणत्या घरात कोण अंथरुणाला खिळले आहे, हे आशाताईंना तोंडपाठ असते. सांभाळणाऱ्याचे नाव आणि वय त्यांनी लिहावे, मुख्याध्यापकांना कळवावे आणि त्याचे मानधन त्यांना वेगळे द्यावे. फुकटची कामे त्यांच्या डोक्यावर आधीच पुष्कळ आहेत. ग्रामपंचायतीने बचत गटातली एखादी बाई मोबदला देऊन शाळेच्या वेळेत त्या घरी बसवावी. बालसंगोपनाच्या निकषात आजी-आजोबा आले पाहिजेत.

आणि लातूर विभागीय मंडळाने 75 टक्के हजेरीच्या अटीतून या मुलांना सवलत द्यावी, तीही दहावीचे फॉर्म निघण्याआधी. नाहीतर यंदाही ती बाहेरून परीक्षा देण्याच्या सतरा नंबरच्या फॉर्मसाठी धावतील, आणि शाळेच्या निकालपत्रकात त्यांचा कुठे पत्ताही नसेल.